रुआबांध्याची वानरं

साल एकोणीसशे एकोणसत्तर. मी चौदा वर्षांचा होतो, सहावीत दोनदा नापास झालेला, आणि माझ्या कडेवर सदानकदा सुली असायची. सुली म्हणजे माझी बहीण, नऊ महिन्यांची. आदल्या पावसाळ्यात बाप काविळीने गेला तेव्हा ती दोन महिन्यांची होती. बापाच्या जागेवर आईला दुर्गजवळच्या पोलादाच्या प्लांटच्या कॅन्टीनमध्ये लावून घेतलं, म्हणून सेक्टर दहामधलं क्वार्टर आमच्याकडे राहिलं. आईची नेहमी फस्ट शिफ्ट. पहाटेचा भोंगा झाला की ती तव्यावरची शेवटची भाकर माझ्या पुढ्यात टाकायची, सुलीला घाईघाईने पाजायची आणि पदर खोचत निघायची. मग लेकरू कोणाजवळ ठेवायचं? मी शाळा सोडली. मला कोणी सोड म्हटलं नव्हतं. मीच खुंटीवरचं दप्तर काढून पेटीत टाकलं. आई म्हणाली, "येशा, तुले पुढं पस्तावा होईल." मी म्हटलं, "नाही होत." झाला की नाही ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, इथंही सांगत नाही.

सुली रडकी होती. क्वार्टरात एकच खोली, मागे आंगण, आंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड आणि नळ. दिवसभर प्लांटची घरघर कानात. शेजारच्या साहूकाकी दारावर येऊन पितळी वाटीत बासी द्यायच्या, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, वर कांदा आणि मीठ. "खा ले बेटा," म्हणायच्या, आणि सुलीकडे पाहून उसासा टाकून जायच्या. मला त्या उसाशाचा फार राग यायचा. म्हणून मी सुलीला घेऊन रुआबांध्याकडे निघायचो. तिकडे तेव्हा वस्ती थोडी होती. तळं होतं, तळ्याच्या पाळीवर मोहाची, आंब्याची, पिंपळाची जुनी झाडं होती, आणि त्या झाडांवर वानरं होती. सुली वानरं पाहिली की गप्प व्हायची. एवढंच कारण. मी काही जंगलाचा शौकीन नव्हतो. लेकराला गप्प करायला कोणी खुळखुळा घेतो, मी वानरांचा कळप घेतला.

आता लोक सगळ्यांनाच बंदर म्हणतात. माझा नातूही म्हणतो, "दादाजी, छत पे बंदर आया." मी त्याला सांगतो, ते लाल तोंडाचं, आखूड शेपटीचं, ते माकड. हातातली पिशवी ओढून नेणारं. वानर वेगळं. वानराचं अंग चुलीतल्या राखेच्या रंगाचं, तोंड मात्र तव्याच्या बुडासारखं काळं, आणि तळहात-तळपायही तसेच, जणू आत्ताच कोळसा हाताळून आलं आहे. भुवयांचे केस पुढे ताठ आलेले, त्यामुळे नेहमी काहीतरी हिशेब चुकल्यासारखं पाहतं. शेपटी अंगापेक्षा लांब. चालताना ती पाठीवरून कमानीसारखी वळवून नेतं, बसलं की फांदीखाली सरळ सोडून देतं. खालून पाहिलं तर पिंपळाला दोर टांगल्यासारखे दिसायचे. सकाळी ऊन वर आलं की सगळी वानरं शेंड्यांवर जाऊन पोट उन्हाला धरून बसायची. मग पानं खायची. वानराचं खाणं म्हणजे पालाच मुख्य, कोवळा असला तर उत्तम. पिंपळाची तांबूस पालवी, आंब्याचा मोहर, चैतात मोहाची फुलं. भर उन्हात पोट फुगवून पेंगायची, एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवायची. सगळी म्हातारी झाल्यासारखी. मला ते तेव्हा आवडायचं, कारण मीही थकलेला होतो. चौदा वर्षांचा पोट्टा थकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी नऊ महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन दिवस काढून पाहावा.

एक गोष्ट मी तिथं पाहिली ती सांगतो. वानराचं पिल्लू जन्मतं ते काळसर केसांचं आणि गुलाबी तोंडाचं, आईसारखं मुळीच नाही. जन्माच्या दिवशीच दुसऱ्या माद्या ते मागायला येतात. मागायला म्हणजे जवळ येऊन बसतात, हळूच हात लावतात, आणि ओढून घेतात. आई देते. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, पिल्लू असं हातोहात सगळ्या झाडावर फिरतं. कोणी उलटं धरतं, कोणी पाडता पाडता सावरतं, पिल्लू चिरकतं, आणि आई आपली शांतपणे पाला खात बसते. मला ते पाहवत नसे. मी सुलीला एक दिवसही साहूकाकींच्या मांडीवर दिलं नाही. त्यांनी दहादा मागितली. "दे न बेटा, थोड़ा हाथ-पाँव सीधा कर ले." मी म्हणायचो, "नको." आईला त्या म्हणाल्या, तुझा पोरगा लेकराला चिकटून बसला आहे. आईने नुसती मान हलवली. तिला कोणाशी बोलायला ताकद नसायची. कॅन्टीनमधून आली की पायाला गरम पाण्याचं फडकं बांधून भिंतीला टेकायची, आणि तशीच झोपून जायची.

तळ्यावर मंगलू नावाचा राऊत, म्हणजे तिकडचा गवळी, गुरं चारायचा. उघडा, खांद्यावर गमछा, हातात तेल पाजलेली लाठी. माझ्याशी बोलणारा त्या दिवसांतला तोच. त्याला वानरांचं सगळं माहीत होतं. कळपाचा धनी एकच असतो, हे त्याने दाखवलं. सगळ्यांत मोठा, छाती रुंद, एका कानाला खाच. सकाळी तो "हूप हूप" असा घुमायचा तेव्हा तळ्याच्या पलीकडून आवाज परत यायचा. कुत्रा आला किंवा कोणी अनोळखी माणूस आला की वरून खोकल्यासारखं "खक्, खक्" व्हायचं आणि सगळ्या माद्या पिल्लं पोटाशी घेऊन वर पळायच्या. आम्हाला पाहून तसं होत नसे. "तोला चीन्ह डारे हें," मंगलू म्हणायचा, म्हणजे तुला ओळखून घेतलं आहे. याचा मला अभिमान वाटायचा. शाळेत मला कोणी एवढं मानलं नव्हतं.

फागुनात आईने दौलतशी लग्न केलं. विहारात पाच-सात माणसं, वंदना झाली, खीर वाटली, संपलं. दौलत आमच्याच भंडाऱ्याकडचा, कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर कामाला, बायको दोन वर्षांमागे वारलेली, मूलबाळ नाही. माणसं म्हणाली चांगलं झालं, बाईला आधार मिळाला. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. तो एक ट्रंक आणि सायकल घेऊन आला. उंच होता, हात गुडघ्यापर्यंत यावे इतके लांब. सेकंडहँड राखी कापडाची वर्दी. शिफ्टवरून यायचा तेव्हा तोंड आणि हात कोळशाने काळे, फक्त डोळे दिसायचे, आणि अंगाला जळक्या गॅसचा वास. नळाखाली बसून लाकडाच्या भुश्याने, सोड्याने हात घासायचा. अर्धा अर्धा तास. मग जेवायचा. "बाबू, तू जेवला का?" एवढंच मला विचारायचा. मी उत्तर देत नसे. महिनाभर मी त्याला नावाने, नात्याने, कशानेच हाक मारली नाही. त्याच्या ताटात भाकर वाढायची असली तर आईकडे पाहून म्हणायचो, "त्याले पायजे का विचार."

आणि एक मी लक्षात ठेवलं होतं. सुलीला त्याने कधी हात लावला नाही. ती रांगत त्याच्या पायाशी जायची, त्याच्या धोतराचा सोगा धरायची, आणि तो हात वर उचलून नुसता पाहत बसायचा. मग आईला म्हणायचा, "घे तिले." मला वाटायचं, ह्याला ती नकोशी आहे.

चैत लागला आणि तळ्यावर भांडण सुरू झालं. कुठूनतरी एक नवा नर आला. तरणा, अंगाने भरलेला. दोन दिवस झाडांवर नुसती धावपळ, दात खाण्याचा करकर आवाज, फांद्या मोडत होत्या. तिसऱ्या दिवशी खाचेच्या कानाचा जुना धनी पाळीवरच्या दगडावर एकटा बसलेला दिसला. मांडी फाटली होती, शेपटी अर्धी लोंबत होती. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. मंगलूने गमछ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "नवा बेंदरा आगे बाबू. अब नान-नान लइका मन ल नइ छोड़य."

"लहान पिल्लांना सोडणार नाही? कावून?"

"ओकर नोहय, तेकर सेती." त्याची नाहीत म्हणून.

मला वाटलं गंमत करतो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोळ्यांसमोर त्या नव्या नराने एका मादीच्या पोटाशी असलेलं पिल्लू हिसकलं. सगळ्या माद्या ओरडत त्याच्या अंगावर गेल्या, पण झालं ते झालं. पुढचे तीन दिवस ती मादी ते मेलेलं पिल्लू हातात धरून फिरत होती. पाला खायची तेव्हा मांडीवर ठेवायची, माशा हाकलायची, परत उचलायची. आज त्या तळ्याच्या बाजूला दुमजली घरं आहेत. वानरं अजून येतात, पाण्याच्या टाक्यांवर बसतात, लोक त्यांना बिस्किटं टाकतात, आणि मी गच्चीवर खुर्ची टाकून बसलो की कधी एखादी मादी पिल्लू घेऊन कठड्यावर बसते. मी पाहत नाही. माझं पाहून झालं आहे.

त्या तीन दिवसांतल्या शेवटच्या संध्याकाळी मी आंगणात सुलीला मऊ भात भरवत होतो. आत दौलत आईला सांगत होता, आणि दार उघडं होतं म्हणून सगळं ऐकू येत होतं. "पोट्टीले माह्या मायजवळ गावाले ठेवू. चालाले लागली की आनू. पोट्टा चवदा वर्साचा झाला, असा कडेवर लेकरू घेऊन किती दिवस फिरन? साळेत जाऊ दे त्याले."

आई म्हणाली, "थो देनार नाही तिले."

"मंग मी बोलतो."

"तुमी नका बोलू. तुमच्याशी थो बोलते का?"

मी भाताचा घास तसाच हातात धरून बसलो. शाळेचं जे बोलला ते माझ्या कानात शिरलंच नाही. शिरलं ते एवढंच, की नवा धनी आला आणि पिल्लू काढायला निघाला. आज हसू येतं असं लिहिणार होतो, पण येत नाही.

सकाळी दोघं शिफ्टवर गेल्यावर मी सुलीला लुगड्याच्या फडक्यात पाठीशी बांधलं, काचेच्या बाटलीत दूध, डब्यात भात आणि गूळ घेतला. माझी मावशी डोंगरगडला होती. दुर्गच्या स्टेशनावर जायचं आणि गाडीत बसायचं, एवढा माझा बेत. साहूकाकी नळावर होत्या. "कहाँ चले?" मी रुआबांध्याकडच्या वाटेला लागलो. नेहमीची वाट होती म्हणून त्यांनाही काही वाटलं नसावं. तळ्यापर्यंत पोचलो तेव्हाच ऊन चढलं होतं. मोहाखाली बसून सुलीला दूध पाजलं. दूध नासलं होतं, ते मला तिने ओकल्यावर कळलं. मग तळ्याचं पाणी ओंजळीने पाजलं. ती माझी दुसरी चूक. तिला ढाळ लागले. एकदा, दोनदा, मग मी मोजणं सोडलं. फडकं धुवायचो, वाळायच्या आधी परत खराब. मंगलूने त्या दिवशी गुरं दुसऱ्या बाजूला नेली होती. मला घराकडे परत जाता आलं असतं. वाट अर्ध्या तासाची. पण परत जायचं म्हणजे हरायचं, आणि मी बसून राहिलो. दुपारपर्यंत सुली रडायची थांबली. तिचे डोळे अर्धे उघडे, टाळू आत गेलेली, हात सोडला की तसाच खाली पडायचा. वरती वानरं पेंगत होती. मी तिच्या तोंडावर पाणी मारत होतो आणि म्हणत होतो, "सुले, ते पाहा वानेर, पाहा."

तेवढ्यात वरून "खक्, खक्" सुरू झालं. माद्या पिल्लं घेऊन शेंड्याकडे पळाल्या. झाडांच्या बुंध्यांमधून कोणीतरी धावत येत होतं. राखी अंग, काळं तोंड, लांब हात. मला दौलत दिसला असं मी म्हणणार नाही. मला जे दिसलं ते दिसलं. मी दगड उचलला आणि ओरडलो, "हात नको लावू तिले! मारून टाकीन!" आणि मारला. त्याच्या कपाळावर लागला. काळ्या तोंडावरून रक्त उतरलं तेव्हा मला तो माणूस दिसला.

तो थांबला. दहा पावलांवर थांबला आणि खाली बसला, दोन्ही हात पुढे करून. "बाबू, मी घेत नाही तिले. पाह्य, माह्ये हात असे आहेत. तूच घे. पन सायकल आनली आहे, मागं बस. दवाखान्यात चाल. मंग मले अखीन दगड मार, मी काही म्हनत नाही."

मी हललो नाही. तो म्हणाला, "लेकरू जाऊन राहिलं बाबू." हे त्याने ओरडून म्हटलं नाही. हळू म्हटलं, जसं "तू जेवला का" विचारायचा तसंच. मी उठलो.

तो शिफ्टवरून दोन वाजता आला होता, घराला कुलूप, साहूकाकींनी दोघं सकाळपासून परतली नाहीत म्हणून वाट सांगितली, हातपाय न धुता सायकल वळवली. हे मला नंतर कळलं. सायकलवर त्याच्या पाठीचा कोळसा माझ्या तोंडाला लागत होता. चढावर तो उभा राहून पायडल मारायचा, श्वास फुटायचा, आणि मधूनमधून मागे न पाहता विचारायचा, "श्वास घेते का?" मी म्हणायचो, "हाव." "मंग ठीक." तो सगळा रस्ता आमचं एवढंच बोलणं. पण आधीच्या महिन्याभरापेक्षा जास्त होतं.

दवाखान्यात नर्सबाईने आम्हा दोघांकडे पाहिलं. एक काळाठिक्कर, कपाळ फुटलेला, आणि एक मी. "बाप कौन है बच्ची का? किसने क्या खिलाया, बताओ." दौलत दाराच्या बाहेरच उभा राहिला, आत फरशीवर त्याचे पाय उमटतील म्हणून. तिथूनच म्हणाला, "इसका भाई है. इसी को पूछो बाई, यही सम्हालता है इसको. सब इसको मालूम." तिने मला विचारलं आणि मी सगळं खरं सांगितलं, नासलेलं दूध, तळ्याचं पाणी. नर्सने माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतल्या कोणत्या मास्तरचा मार तेवढा लागला नव्हता. पण काम थांबवलं नाही. सुई टोचली, साखर-मिठाचं पाणी चमच्याने द्यायला लावलं, माझ्याच हाताने. ऊन कलता कलता सुलीने चमचा चावला. नर्स म्हणाली, "बच गई." बाहेर पाहिलं तर दौलत भिंतीला टेकून खाली बसला होता, तोंड गुडघ्यांत.

घरी पोचलो तेव्हा आई दारात होती, हातात चुलीतलं लाकूड. मला वाटलं मारते, आणि तिने मारलंही असतं. दौलत मध्ये आला. "हात खाली घे. पोट्टा पळून नाही गेला. पहारा देऊन राहिला होता."

"कोनापासून पहारा?"

"माह्यापासून," तो म्हणाला. आईने लाकूड चुलीपाशी टाकलं आणि तिथंच बसून रडायला लागली. दौलत म्हणाला, "पोट्टी कुठंच जात नाही. मायलेच इकडे आनतो मी. पुढच्या सुट्टीत." आणि आंगणात गेला. कपाळ नाही धुतलं, आधी हात. त्या दिवशी भुसा आणि सोडा झाल्यावर त्याने कंदिलातलं रॉकेलही हातावर ओतलं. खूप वेळ घासत होता. आई माझ्याजवळ सुलीला घेऊन बसली, तिकडे पाहत म्हणाली, "महिना झाला. रोज मले म्हनते, आज हात जरा साफ झाले का पाह्य. मी म्हनलं, अहो, लेकराले काय समजते. म्हनते, नाही, कोळसा पोटात जाईन तिच्या." मी उठून बाहेर गेलो. त्याच्याजवळ गेलो नाही. मुनग्याला टेकून उभा राहिलो.

शाळेत मी परत गेलो नाही. त्याने दोनदा फॉर्म आणला, मी दोनदा चुलीत टाकला, आणि वर्षाभराने हथखोजला एका छोट्या कारखान्यात लागलो. त्याला बाबा कधी म्हटलं नाही, तो गेला तेव्हाही नाही. दौलतभाऊच म्हटलं. तो हट्ट माझा, त्याचा दोष दुसऱ्या कोणावर नाही. सुली आता रायपूरला नातवंडं सांभाळते आणि फोनवर विचारते, दादा, जेवला का, भात की भाकर.

दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. आई तव्यापाशी होती. दौलत धुतलेली वर्दी घालून उंबरठ्यावर चहा पीत बसला होता, कपाळाला चिंधी. मी सुलीला अंथरुणातून उचललं, तिचं तोंड पुसलं, नेहमीप्रमाणे कडेवर घेतलं आणि दारापर्यंत गेलो. मग खाली वाकून तिला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने कप बाजूला केला आणि दोन्ही हात वर धरले, हवेत, तसेच. नखांच्या कडा अजून काळ्या होत्या. "धरा, पडेल ती," मी म्हटलं, आणि दातवण घेऊन नळावर गेलो.